टीव्ही आणि बॉक्सची ओळख पटत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा, डिचोली आणि सत्तरी या भागांत मी टीव्ही, डिश आणि केबलच्या बॉक्सची जोडणी-दुरुस्ती करतो. चवथीच्या आठवडाभर आधीपासून फोन सुरू होतात. मुंबई-पुण्याहून मंडळी घरी येतात, कोणीतरी नवा टीव्ही आणतं, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायच्या धांदलीत जुना बॉक्स त्याला जोडला जातो आणि पडदा काळाच राहतो. त्यातल्या कितीतरी घरांत ना टीव्ही बिघडलेला असतो ना बॉक्स. दोघांची एकमेकांशी ओळख पटलेली नसते, एवढंच. त्यासाठी लोक टीव्हीच्या आतला नवा सर्किट बोर्ड, कधी कधी नवा टीव्हीच घेतात, हे मला बघवत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे.

पडद्यावर ‘एचडीसीपी’ असं काहीतरी लिहून येतं आणि चित्र जातं. हे एचडीसीपी म्हणजे काय?

बॉक्समधून टीव्हीकडे एचडीएमआय वायरने जाणाऱ्या चित्राला लावलेलं कुलूप. वाटेत कोणी चित्र जसंच्या तसं उतरवून घेऊ नये म्हणून इंटेल कंपनीने ही पद्धत तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००० साली आली.

वायर जोडली की बॉक्स आधी टीव्हीला विचारतो, तू कोण? दोघांकडेही कारखान्यातून आलेल्या गुप्त किल्ल्या असतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक यंत्राकडे ५६ बिटांच्या ४० किल्ल्या. त्यांच्या आधारे दोघेही आपापल्या परीने एकच आकडेमोड करतात. उत्तर जुळलं की कुलूपबंद चित्र वाहू लागतं आणि टीव्ही ते उघडून दाखवतो. पुढेही साधारण दर दोन सेकंदांनी उत्तर तपासलं जातं. त्यात एकदा चूक झाली तरी चित्र जाऊ शकतं. बऱ्याच घरांत चित्र येतं, दोन क्षण थांबतं, जातं आणि पुन्हा येतं, ते यामुळेच.

रिचार्ज संपण्याशी याचा काही संबंध नाही. रिचार्ज केल्याने हे सुटत नाही.

पण दोष याचाच आहे, सिग्नलचा किंवा पॅनेलचा (टीव्हीच्या पडद्याचा) नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

हे नीट वाचा, कारण सगळे अनाठायी पैसे इथेच जातात.

आपल्याकडे पाऊस कोसळू लागला की डिशचं चित्र जातं. डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या केयू बँडच्या लहरी दाट पावसात अडतात. पण तेव्हा पडद्यावर ‘सिग्नल नाही’ असा बॉक्सचा संदेश दिसतो, बॉक्सचा मेनूही उघडतो. हा संदेश एचडीएमआय वायरनेच टीव्हीपर्यंत आलेला असतो. तो दिसतो आहे म्हणजे बॉक्स आणि टीव्ही यांचं बरं चाललं आहे आणि अडचण छपरावर आहे. (‘सिग्नल नाही’ हे टीव्हीनेही स्वतःच्या अक्षरांत लिहिलेलं असू शकतं. बॉक्सच्या रिमोटचं मेनूचं बटण दाबा. मेनू आला तर संदेश बॉक्सचा.)

पॅनेल गेलं असेल तर टीव्हीचा स्वतःचा मेनूही दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटवर सेटिंग दाबा. पट्टी स्वच्छ दिसली तर पॅनेल शाबूत आहे. कोणी पॅनेल बदला म्हणालं तर त्याला ती पट्टी दाखवा.

कुलपाचा दोष असेल तर पडदा काळा होतो, किंवा रंगीबेरंगी मुंग्या भरतात, किंवा एचडीसीपीचा उल्लेख असलेली ओळ येते. काही बॉक्समध्ये मेनू दिसतो आणि एचडी वाहिनी लावली की काळोख. सगळं चित्र गुलाबी किंवा हिरवं झालं असेल तर ते बहुधा कुलूप नव्हे. वायर सैल असेल, किंवा रंग पाठवण्याची पद्धत दोन्हीकडे वेगळी झाली असेल.

खात्री करायला दोन साध्या चाचण्या आहेत. पहिली, बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही वायरने जोडून बघा. त्या वायरने जाणाऱ्या चित्राला हे कुलूप लागतच नाही. तिथे चित्र आलं तर बॉक्स जिवंत आहे आणि वाहिन्याही येत आहेत. दुसरी, बॉक्सच्या जागी त्याच एचडीएमआय सॉकेटला लॅपटॉप जोडा. लॅपटॉपचा साधा डेस्कटॉप कुलपाशिवाय जातो. डेस्कटॉप दिसतो, पण बॉक्स आणि ओटीटी स्टिक (इंटरनेटवरचे सिनेमे-मालिका दाखवणारी, टीव्हीला खोचायची काडी) दोन्ही काळे, तर गाडी ओळख पटण्यापाशीच अडली आहे.

सगळ्यात आधी काय करून बघायचं?

रिमोटने बंद-चालू करू नका. रिमोटने यंत्र झोपतं, बंद होत नाही, आणि अर्धवट राहिलेली ओळख तशीच मनात धरून बसतं. टीव्ही आणि बॉक्स दोघांचेही प्लग भिंतीतून काढा. एचडीएमआय वायर दोन्ही टोकांना काढा. दोन-तीन मिनिटं थांबा, आतली साठलेली वीज उतरू द्या. मग वायर घट्ट बसवा, आधी टीव्ही सुरू करा, रिमोटने बरोबर एचडीएमआय निवडा आणि टीव्ही पूर्ण जागा होईपर्यंत अर्धा मिनिट जाऊ द्या. बॉक्स सगळ्यात शेवटी.

हा क्रम चुकवू नका. बॉक्सने हाक मारली तेव्हा टीव्ही उत्तर द्यायला तयार असला पाहिजे.

एवढ्याने झालं नाही तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय सॉकेट वापरा, मग दुसरी वायर. मग दोन्हीकडे सॉफ्टवेअर अपडेट आहे का बघा. टीव्हीमध्ये एका रिमोटने सगळं चालवण्याची सोय असते, तीही थोडा वेळ बंद करून बघा. सॅमसंगमध्ये तिला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ती सोय बॉक्स आणि टीव्ही यांना नको त्या क्रमाने उठवते आणि ओळख बिनसते. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने झालं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

वीज गेली-आली की दर वेळी पडदा काळा. का?

पावसाळ्यात वाळपई-साखळीकडे हे रोजचंच. बहुतेक घरांत बॉक्स इन्व्हर्टरवर असतो आणि टीव्ही सरळ विजेवर, किंवा उलट. वीज गेली की टीव्ही पडतो, बॉक्स चालूच राहतो. वीज परत आल्यावर टीव्ही उठतो तोवर बॉक्सने दोन-चारदा विचारून नाद सोडलेला असतो. काही बॉक्स पुन्हा विचारतात, काही विचारत नाहीत.

दोन्ही एकाच प्लगच्या बोर्डावर घ्या. मग दोन्ही एकदम पडतील आणि एकदम उठतील. टीव्ही सावकाश उठणारा असेल तर बॉक्सचा स्विच वेगळा ठेवा आणि तो हाताने मागाहून लावा. वीज खात्याला दोष देऊन हे सुटत नाही, प्लगची जागा बदलून सुटतं.

वायर नवी, महागाची आहे. तरी चित्र येतं-जातं. वायरला काय होणार?

वायरला पुष्कळ काही होतं, आपल्या हवेत तर जास्तच.

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. चित्र पहिल्या बारा पिनांवरून धावतं. ओळख मात्र १५ आणि १६ या दोनच पिनांवरून पटते. १८व्या पिनेवर बॉक्स पाच व्होल्ट देतो आणि १९व्या पिनेवरून टीव्ही ‘मी इथे आहे’ असं कळवतो. म्हणजे चित्राच्या वाटा लख्ख असल्या आणि या चारांतली एक पिन नीट टेकली नाही, तरी पडदा काळाच. वायर वरून नवी दिसते, त्यामुळे कोणाचं लक्ष तिकडे जात नाही.

मांद्र्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर एका काकींच्या घरी गेलो होतो. टीव्ही भिंतीवर, बॉक्स खाली कपाटात, आणि मधली जाडजूड वायर टीव्हीच्या मागे लोंबत होती. काकी म्हणाल्या, “दुपारी येतं, रात्री जातं.” मी टीव्हीमागे हात घालून प्लग बोटाने किंचित वर उचलला. चित्र आलं. बोट काढलं, गेलं. वायरच्या वजनाने प्लग खाली झुकला होता. बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात धरला तर धातूच्या कडेला हिरवट थर आणि दोन पिनांवर काळपट डाग. खाऱ्या, दमट हवेने ते काम केलं होतं. वायर बदलली, तिला भिंतीवर क्लिप मारून आधार दिला आणि प्लगवरचा भार काढला. टीव्ही आजही तोच आहे.

प्लग साफ करायचा तर वीज काढून, मऊ ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं. पूर्ण वाळू द्या. टाचणी, सुरी, खोबरेल तेल यांतलं काहीही सॉकेटमध्ये घालू नका. टीव्हीचं सॉकेट वाकलं की खरोखरच बोर्डाचं काम निघतं.

लांबीचंही बघा. साध्या वायरने ४के (एचडीहून कितीतरी बारीक तपशिलाचं) चित्र पाच मीटरच्या पुढे न्यायचं म्हणजे भरवसा नाही. वायर घेताना पाकिटावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली घ्या, ती सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतची असते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटची, साध्या डिशच्या बॉक्सला तिची गरज नाही. सोन्याचा मुलामा, जाड वेष्टण यांसाठी जास्त पैसे देऊ नका. लांब वायर काढता येत नसेल तर बॉक्स एव्ही वायरने जोडून मेनूत जा आणि चित्राचा दर्जा १०८० वरून ७२० वर आणा. भार कमी झाला की तीच वायर कधी कधी नीट चालते.

नवा ४के टीव्ही, नवी ४के स्टिक, तरी ४के दिसत नाही.

४केसाठी एचडीसीपी २.२ ही आवृत्ती लागते. ती २०१३ची, आणि तिचं कुलूप जुन्यापेक्षा पूर्ण वेगळं आहे. स्टिक, टीव्ही आणि मधलं प्रत्येक यंत्र, सगळ्यांकडे २.२ हवं. साखळीत एक जरी जुनं निघालं तर स्टिक चित्राचा दर्जा उतरवते किंवा ते अडवते.

बऱ्याच टीव्हींची सगळी एचडीएमआय सॉकेटं सारखी नसतात. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं वाचा. ज्याच्याजवळ ‘एचडीसीपी २.२’ किंवा ‘४के ६० हर्ट्झ’ असेल तिथे स्टिक लावा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या सॉकेटची पूर्ण क्षमता चालू करा. एलजीमध्ये ते ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ या नावाने असतं. उलट, जुना डिशचा बॉक्स अशा सॉकेटवर काळा पडत असेल तर हेच सेटिंग बंद करा. हा उपाय फारच थोड्यांना ठाऊक असतो आणि त्याने कितीतरी बॉक्स वाचले आहेत.

२०१३-१४च्या सुमाराचे काही ४के टीव्ही २.२ नसलेलेच आहेत. त्यांना बाहेरून ४के ओटीटी मिळणार नाही. टीव्हीमधलं अ‍ॅप चालत असेल तर त्यावरच बघा.

मध्ये होम थिएटर आहे. ते काढलं की चित्र येतं.

मग दोष होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे. तो मधला दुभाषा आहे. बॉक्सशी त्याला स्वतःची ओळख पटवावी लागते आणि पुढे टीव्हीची हमीही द्यावी लागते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरकडे २.२ नसतं.

तो टाकून देऊ नका. बॉक्स किंवा स्टिक सरळ टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या (आवाज उलट बाहेर पाठवणाऱ्या) एचडीएमआय सॉकेटमधून किंवा ऑप्टिकल वायरने अ‍ॅम्प्लिफायरकडे आणा. चित्र त्याच्यातून जाणार नाही म्हणजे कुलपाचा प्रश्नच राहिला नाही. आवाज पूर्वीसारखाच भरदार.

एका बॉक्सवर दोन टीव्ही चालवायचे आहेत. स्प्लिटर लावला आणि दोन्ही काळे.

स्प्लिटर, म्हणजे एक चित्र दोन टीव्हींना वाटणारा डबा, हाही दुभाषाच. आपल्या पुढे कोणकोणती यंत्रं आहेत याची यादी त्याला बॉक्सला द्यावी लागते. जुन्या एचडीसीपीत अशी १२७ यंत्रं आणि एकामागे एक जोडलेल्या दुभाषांच्या सात पायऱ्या चालतात, २.२मध्ये ३२ यंत्रं आणि चार पायऱ्या. घरात आपण या मर्यादेच्या जवळही जात नाही. अडचण स्वस्त स्प्लिटरची असते. तो यादी धड देत नाही किंवा वेळेवर देत नाही. शिवाय दोन टीव्हींत एक जुना असेल तर दोन्हीकडे त्याच्याच दर्जाचं चित्र जातं.

स्वतःचा वीजपुरवठा असलेला, आवृत्ती स्पष्ट लिहिलेला स्प्लिटर घ्या. आधी दोन्ही टीव्ही लावा, मग स्प्लिटर, मग बॉक्स. आतल्या खोलीतला टीव्ही लहान असेल तर त्याला एव्ही वायर ओढा. माझ्या मते घरासाठी तोच सगळ्यात निर्धोक मार्ग.

कळंगुट, बागाकडचे बार-रेस्टॉरंटवाले हाच प्रश्न विचारतात. त्यांना वेगळं सांगावं लागतं. घरगुती जोडणी गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी नसते, व्यावसायिक जोडणी वेगळी घ्यावी लागते. ती घेतली की किती टीव्हींवर दाखवणार ते आधीच सांगा.

जुना प्रोजेक्टर आहे. अंगणात पडदा बांधून सामना बघायचा आहे.

प्रोजेक्टरला फक्त निळं व्हीजीए सॉकेट असेल तर बॉक्समधून एचडीचं कुलूपबंद चित्र त्यावर जाणार नाही. कन्व्हर्टर लावलात तरी व्हीजीए वायरला बॉक्सच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. डीव्हीआय सॉकेटवालेही काही एचडीसीपी ओळखतात, काही नाही. २०२२चा फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, १८ डिसेंबर, अर्जेंटिना-फ्रान्स. त्या संध्याकाळी पेडण्याच्या एका वाड्यात सगळं कुटुंब अंगणात चटया टाकून बसलं होतं आणि पांढऱ्या चादरीवर नुसता निळा उजेड. प्रोजेक्टरला पिवळं व्हिडिओ सॉकेटही होतं. बॉक्सची एव्ही वायर तिथे लावली. चित्र थोडं मऊ दिसलं, पण पेनल्टीपर्यंत एकदाही गेलं नाही.

कुलूप काढून टाकणारा एक डबा ऑनलाइन मिळतो म्हणे. घेऊ का?

घेऊ नका. हक्क मोडण्याच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण फोडणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. २०१२च्या दुरुस्तीने १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या आवृत्तीची मूळ किल्ली सप्टेंबर २०१०मध्ये फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्यही केलं. म्हणून कुलूप मोडीत निघालं असं नाही, तुमचा बॉक्स आजही ते मागतोच. आणि ज्याने पैसे भरून वाहिनी घेतली आहे त्याला असला डबा लागतच नाही. त्याची अडचण वायर, सॉकेट किंवा क्रमात असते आणि ती सुटते.

वीज कडाडली त्या दिवसापासून हे सुरू झालं आहे.

मे अखेरीला आणि परतीच्या पावसात माझी निम्मी कामं हीच. डिशच्या किंवा केबलच्या वायरमधून झटका येतो, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत उतरतो आणि नाजूक १५-१६ची जोडी मारतो. चित्राच्या वाटा वाचतात. म्हणून लॅपटॉपचा डेस्कटॉप दिसतो आणि बॉक्स काळा.

अशा वेळी आधी टीव्हीची बाकीची सॉकेटं तपासा. माझ्याच बहिणीच्या घरी एकाने पहिलं सॉकेट बघून मेन बोर्ड गेल्याचं सांगितलं आणि आगाऊ पैसेही घेतले. मी पोचलो तेव्हा तिसऱ्या सॉकेटवर बॉक्स छान चालला. गेलेलं सॉकेट एकच होतं. पैसे परत मिळवायला तिला महिना लागला, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सगळीच सॉकेटं गेली असतील तर मात्र बोर्डाचं काम आहे. गडगडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून पुरत नाही. प्लग, डिशची वायर आणि एचडीएमआय तिन्ही काढून ठेवा.

मोफत वाहिन्यांच्या बॉक्सलाही हे होतं का?

डीडी फ्री डिशच्या साध्या बॉक्समध्ये मला हे क्वचितच दिसतं. तिथे काळोख असेल तर आधी वायर बघा.

कंपनीला फोन करताना काय सांगायचं?

‘चित्र येत नाही’ एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस रिचार्ज आणि सिग्नल तपासून फोन ठेवील. त्याला सांगा, एव्ही वायरने चित्र येतं, एचडीएमआयने येत नाही, वायर बदलून बघितली, दुसऱ्या सॉकेटवर बघितलं, प्लग काढून क्रमाने सुरू केलं. जमल्यास हाच बॉक्स शेजाऱ्यांच्या टीव्हीवर लावून बघा. तिथेही काळा असेल तर बॉक्स बदलून मागा, तिथे चालला तर टीव्ही कंपनीला फोन करा. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा ही शेजाऱ्यांकडची चाचणी फार कामी येते. पडद्यावरच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढा, तक्रार क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, आणि वॉरंटीत असूनही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तो तक्रार क्रमांक सांगा.